सहावा खांदेकरी

गेल्या वर्षी नोव्हेंबरात माझे थोरले चुलतसासरे गेले. आयर्लंडमध्ये, पश्चिम क्लेअरमधल्या त्यांच्या गावी चर्चपासून दफनभूमीच्या फाटकापर्यंत शवपेटीला सहा जणांनी खांदा दिला. त्यांतले पाच घरचे होते : दोन मुलगे, दोन पुतणे आणि एक जावई. सहावा सत्तरीचा, उंच, समुद्रावरच्या वाऱ्याने चेहरा रापलेला गृहस्थ होता. त्याला कुणी बोलावल्याचे मी पाहिले नाही आणि त्याला कुणी अडवलेही नाही. तो सरळ पुढे आला, डाव्या बाजूला मधल्या जागी उभा राहिला, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर त्याने हात टाकला आणि पेटी उचलली गेली.

मी वाईची. आमच्याकडे खांदा कोणी द्यायचा, कोण पुढे आणि कोण मागे, ह्याला अर्थ असतो. म्हणून संध्याकाळी चहाच्या वेळी मी सासऱ्यांना विचारले की तो कोण. ते म्हणाले की तो खालच्या, समुद्राकडच्या घरातला आहे, त्याचे आडनाव आपलेच आहे, मृताच्या आडनावाच्या माणसांनी पेटी उचलावी अशी जुनी प्रथा आहे, तेवढेच, नाते काही नाही. खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत त्यांची आत्या बसली होती. ती त्र्याण्णव वर्षांची आहे. तिने मान वळवली आणि म्हणाली, "ते आपल्यातलेच आहेत." सासरे म्हणाले, "कसे?" त्यावर तिला सांगता येईना. "माझी आजी म्हणायची," एवढेच तिने दोनदा सांगितले.

ह्या एका प्रश्नावर माझे पुढचे सगळे वर्ष गेले. मिळाले ते सलग मांडून ठेवावे, म्हणून हे लिहीत आहे. संबंधित माणसे हयात आहेत, म्हणून आडनाव आणि वाडीचे नाव मी देणार नाही. आडनाव असे आहे की पश्चिम क्लेअरमध्ये डोळे मिटून दगड भिरकावला तरी त्याच आडनावाच्या माणसाला लागेल, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. इथे मी 'वाडी' म्हणते तो जमिनीचा तुकडा कागदोपत्री टाउनलँड म्हणून ओळखला जातो. आयर्लंडमध्ये अशा साठ हजारांहून अधिक वाड्या आहेत, कित्येकांत जेमतेम चार-पाच घरे आहेत, आणि माणूस कोणत्या वाडीचा हे कळल्याशिवाय त्याचा शोध एक पाऊलही पुढे जात नाही. आमचे वरचे घर आणि ते खालचे घर शेजारशेजारच्या दोन वाड्यांत आहेत.

आयर्लंडमध्ये घराण्याचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकावे लागते : "सगळे १९२२ साली जळाले." ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्या आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीच्या आवारातले सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. सात शतकांचे कागद त्यात होते. अर्धवट जळालेली पाने शहरावर उडत होती, असे त्या दिवसाचे वर्णन वाचताना आजही माझ्या पोटात कालवते. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ ह्या चार जनगणनांचे घरोघरचे तक्ते, थोडे तुकडे वगळता, तिथेच संपले. परंतु सगळा दोष आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारने आकडे काढून झाल्यावर स्वतःच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाचा लगदा करण्यासाठी दिले गेले. म्हणजे ज्या देशातल्या दहा लाख माणसांना १८४० च्या दशकातल्या महादुष्काळाने मारले आणि त्याहून अधिक माणसांना जहाजांवर चढवले, त्या देशातल्या घरांची पूर्ण यादी १९०१ च्या आधी कुठेच उरलेली नाही.

पण "सगळे जळाले" हेही खरे नव्हे. जन्म, मृत्यू आणि विवाह ह्यांची १८६४ पासूनची सरकारी नोंद वेगळ्या कार्यालयात होती, ती वाचली. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या त्या त्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, पाद्र्यांच्या कपाटात होत्या, त्याही वाचल्या, आणि साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली केली. जमिनीचे कागदही उरले. १८२० आणि १८३० च्या दशकांतल्या, चर्चच्या दशमांश करासाठी केलेल्या याद्या आहेत. रिचर्ड ग्रिफिथ ह्यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ ह्या काळात देशभर झालेले मालमत्तेचे मूल्यांकन आहे. त्यात प्रत्येक तुकड्याचा कब्जेदार कोण, त्याने जमीन कोणाकडून घेतली, क्षेत्र किती आणि आकारणी किती हे लिहिलेले असते, आणि ज्याने गावच्या चावडीत सातबारा वाचलेला आहे त्याला ते वाचायला शिकवावे लागत नाही.

मी १९०१ आणि १९११ च्या जनगणनांपासून सुरुवात केली. ह्या दोन्हींचे मूळ तक्ते राष्ट्रीय अभिलेखागाराने संकेतस्थळावर ठेवलेले आहेत आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. गणनेचे काम त्या काळी पोलीस शिपाई करत. माणसांच्या तक्त्याबरोबर ते घराचाही तक्ता भरत : भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, खोल्या किती, दर्शनी भिंतीला खिडक्या किती. आमच्या वरच्या घराला १९०१ मध्ये दगडी भिंती, गवती छप्पर आणि समोर तीन खिडक्या होत्या. खालच्या घराला दोन. मी हे आत्याबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या की खालच्या घराची तिसरी खिडकी त्यांच्या लहानपणी फोडली होती, तिथून समुद्र दिसायचा, आणि त्या घरातली म्हातारी तिथे बसून त्यांना साखर लावलेला पावाचा तुकडा द्यायची. शेजारच्या वाडीतल्या पोरीला साखरपाव देणारी म्हातारी नातेवाईकच असली पाहिजे असे नाही. मी तेही तारखेनिशी लिहून ठेवले.

१९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रियांना एक जादा प्रश्न होता : लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांतली आज किती हयात आहेत. वरच्या घराच्या तक्त्यावर त्या रकान्यांत नऊ आणि सहा असे आकडे आहेत. ही नऊ मुलांची आई म्हणजे आत्याबाईंची आजी, जिच्या "म्हणायची" वर हा सगळा शोध उभा आहे. वर गेलेली तीन मुले कोण, हे आत्याबाईंना माहीत नव्हते. मृत्यूच्या नोंदींत मला ती सापडली, तिघेही दोन वर्षांच्या आतले. त्या दिवशी मी पुढे काही शोधले नाही.

त्याच घरात आजीचा सासरा, म्हणजे आत्याबाईंचे पणजोबा, राहत होते. १९०१ मध्ये त्यांचे वय ५८ लिहिले आहे आणि १९११ मध्ये ७२. दहा वर्षांत माणूस चौदा वर्षांनी म्हातारा झाला. नवख्याला वाटते की ही दोन वेगळी माणसे असावीत. कारण साधे आहे : १९०८ चा वृद्धांच्या पेन्शनचा कायदा १ जानेवारी १९०९ पासून लागू झाला, सत्तरी पूर्ण झालेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले, आणि देशभरातल्या म्हाताऱ्यांना आपले खरे वय आठवले. ह्या माणसाचे दुसऱ्या वेळचे वय खरे होते, हे मी खात्रीने सांगते, कारण त्याचा पुरावा माझ्या हाती आला, आणि ह्या वर्षातला माझा सर्वांत आनंदाचा क्षण तोच.

१८६४ च्या आधी जन्मलेल्यांकडे जन्माचा सरकारी दाखला नव्हता. म्हणून पेन्शन मागणारा माणूस आपले, आई-वडिलांचे आणि वाडीचे नाव कळवायचा आणि डब्लिनचे कारकून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते घर शोधून त्याचे तेव्हाचे वय एका छापील अर्जावर लिहायचे. ते अर्ज मात्र वाचले. आमच्या अर्जावर वडिलांचे नाव आहे, आईचे माहेरच्या आडनावासह नाव आहे, आणि खाली वेगळ्या हस्ताक्षरात लिहिले आहे : १८५१, सापडला, वय १२. जो तक्ता तेरा वर्षांनी राख झाला त्यातली एक ओळ त्या कारकुनाच्या हातून अशी बाहेर राहिली. मला त्या कारकुनाचे नाव माहीत नाही, पण त्याच्याविषयी मला कृतज्ञता वाटते.

आता घराण्यात एक पायरी वर चढता आली : पणजोबांचे आई-वडील. ग्रिफिथच्या मूल्यांकनात १८५५ साली वरच्या वाडीत वडील कब्जेदार म्हणून आहेत. खालच्या वाडीत त्याच नावाचा आणि आडनावाचा दुसरा माणूस आहे, आणि घोटाळा होऊ नये म्हणून मूल्यांकन करणाऱ्याने त्याच्या नावापुढे कंसात 'तांबडा' असे लिहिले आहे. असली टोपणनावे तिथे आजही चालतात. एकाच आडनावाची दहा घरे असतील तर कुणी तांबडे, कुणी शिंप्याचे, कुणी आजीच्या नावाने ओळखले जाणारे. आत्याबाईंना विचारल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "हो, खालचे ते तांबडे," जणू १८५५ सालची नोंद नव्हतीच, कालची गोष्ट होती.

मूल्यांकनानंतरचे बदल कार्यालयीन वह्यांत जुने नाव खोडून वर नवे नाव लिहून केले जात, आणि निरनिराळ्या फेऱ्यांच्या दुरुस्त्या निरनिराळ्या रंगांच्या शाईने होत, त्यामुळे कुठला फेरफार केव्हाचा ते रंगावरून कळते. ह्या वह्यांवरून दोन्ही घरांतल्या पिढ्या खाली १९०१ पर्यंत जोडता आल्या, तो भाग सरळ होता. दोन घरांना एकमेकांशी जोडणारे मात्र त्यांत काही नव्हते.

जोडणारे धागे इतर ठिकाणी होते, आणि ते सगळे बारीक होते. वरच्या घरातल्या दोन मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तांबड्यांच्या घरातली स्त्री उभी आहे. १८८९ मध्ये वरच्या घरातली वृद्धा, म्हणजे अर्जावरची ती आई, वारली तेव्हा मृत्यू कळवणाऱ्याच्या रकान्यात तांबड्यांच्या सुनेची खूण आहे, सहीऐवजी एक फुली, आणि पुढे 'मृत्यूसमयी हजर' असे शब्द आहेत. घरात दोन मुलगे आणि एक सून असताना खालच्या घरातली बाई उशाशी होती आणि नंतर तीच मैलोगणती चालत निबंधकाकडे गेली. शेजारधर्म म्हणूनही हे होऊ शकते. सासऱ्यांनी तेच म्हटले, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

सरकारी नोंदींवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, हेही ह्या काळात कळले. जन्म ४२ दिवसांच्या आत नोंदवावा असा नियम होता आणि उशीर झाला तर दंडाची भीती होती, म्हणून शेतीच्या कामात अडकलेला बाप निबंधकाकडे जाईपर्यंत तारीख हवी तशी पुढे सरकवायचा. त्यामुळे आमच्या घरात एका मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माच्या आधी तीन आठवडे झालेला आहे. अशा वेळी चर्चची तारीख धरावी, कारण अर्भकाचा बाप्तिस्मा लवकर उरकण्याची घाई आईला खरोखरच असे.

मार्चमध्ये मी पॅरिशच्या विवाहांची वही पानोपान वाचायला घेतली. सूचीवर विसंबून भागत नाही, कारण नावे लॅटिनमध्ये आहेत आणि सूची करणाऱ्यांनी जेकोबुसचा कधी जेम्स केला आहे, कधी जेकब. १८७६ च्या फेब्रुवारीतले पान गच्च भरले होते. उपवासाच्या चाळीस दिवसांत लग्ने लागत नसत, म्हणून खेड्यांतली बहुतेक लग्ने त्याच्या आधीच्या आठवड्यांत उरकून घेत. त्या पानावर खालून चौथी नोंद होती : वर आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ, वधू तांबड्यांची मुलगी. नोंदीच्या शेवटी, समासात घुसलेल्या बारीक अक्षरांत, चार शब्द होते : इन क्वार्तो ग्रादू कॉन्सान्ग्विनितातिस. त्याच्या आधी 'डिस्प' एवढे तुटक अक्षर.

अर्थ असा की वधू आणि वर चौथ्या पायरीचे रक्तसंबंधी होते आणि विवाहासाठी बिशपची सूट घेतली होती. तेव्हाच्या कॅथलिक नियमाने चौथ्या पायरीपर्यंतच्या नातेवाइकांना सूट मिळाल्याखेरीज लग्न करता येत नसे. मर्यादा १९१७ च्या संहितेने तिसऱ्या पायरीपर्यंत आणली. पायऱ्या सामाईक पूर्वजापासून मोजतात : सख्खी भावंडे पहिली, त्यांची मुले दुसरी, नातवंडे तिसरी, पतवंडे चौथी. म्हणजे वर आणि वधू ह्यांचे खापरपणजोबा किंवा खापरपणजी एकच होते. सासऱ्यांचे "नाते काही नाही" तिथे संपले.

मी त्याच आठवड्यात आत्याबाईंकडे गेले. मी आधी उत्तर सांगितले नाही. उत्तर आधी सांगितले की म्हातारी माणसे प्रेमापोटी तेच आठवू लागतात, आणि मग आठवण कोणती आणि आपण पेरलेले कोणते हे वेगळे करता येत नाही. मी एवढेच विचारले, "तुमच्या आजीने घरातल्या एखाद्या लग्नाची गोष्ट सांगितली होती का?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एकदा पाद्र्याच्या आधी बिशपला पैसे द्यावे लागले होते, असं ती म्हणायची. कुणाचं लग्न ते मला ठाऊक नाही. ती दोघं बोटीत बसून गेली, परत आली नाहीत." आजी स्वतः त्या घरात सून म्हणून आली तेव्हा ते जोडपे परदेशी जाऊन वीस वर्षे झाली असतील. तिने ते पाहिले नव्हते, ऐकले होते. नावे गळून गेली, वर्ष गळून गेले, देश गळून गेला, बिशपचे पैसे तेवढे राहिले. आणि "आपल्यातलेच" हा शब्द राहिला.

इथे थांबून आनंद मानता आला असता. परंतु मला मराठीत विचार करायची सवय आहे आणि मराठी मला थांबू देईना. इंग्रजीत त्या दोघांना 'कझिन' म्हटले की काम झाले. मराठीत विचारावे लागते : चुलत, आते, मामे की मावस? कुठल्या बाजूने? आडनाव एकच असल्याने कुणीही चुलत घराणे धरील, आणि मीही आठवडाभर तेच धरले होते. मग तांबड्यांच्या घरातल्या १८६५ च्या जन्मनोंदीत, वधूच्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे, आईचे माहेरचे आडनाव वाचले. ते पेन्शनच्या अर्जावरच्या आमच्याकडल्या आईच्या माहेरचे आडनाव होते.

म्हणजे नाते बापांकडून असू शकते आणि आयांकडूनही. दोघी सख्ख्या बहिणी असत्या तर वर-वधू दुसऱ्या पायरीचे झाले असते, चुलत बहिणी असत्या तर तिसऱ्या. पाद्र्याने चौथी लिहिली आहे, तेव्हा त्याने नीट मोजले असेल तर दोघींचे नाते त्याहून एक पायरी लांबचे. आपल्याकडे सपिंड मोजताना बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच असा भेद करतात, आणि कित्येक घरांत मामेबहिणीशी लग्न तर रीतीचेच. चर्चच्या मोजणीत दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे नोंदीवरून बाजू कळत नाही. सामाईक पूर्वज अठराव्या शतकाच्या मध्यावर केव्हातरी असणार, आणि आमच्या पॅरिशच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू होतात. तिथे कागद पोहोचणार नाही.

जनुकीय चाचणी कर, असे बऱ्याच जणांनी सुचवले. नवऱ्याने केली. इतक्या पिढ्यांनंतर दोन वंशजांत सामाईक काही उरलेलेच नसते असे अनेकदा होते, आणि जिथे तीनशे वर्षे आसपासच्या वाड्यांतच लग्ने झाली तिथे जे सामाईक सापडते ते कोणत्या पूर्वजाकडून आले हे सांगता येत नाही. त्यातून ह्या प्रश्नाचे उत्तर निघाले नाही.

एका मोहाची कबुली इथे द्यायला हवी. परदेशी गेलेल्या त्या जोडप्याचा माग काढताना दुसऱ्या कुणीतरी बनवलेल्या एका वंशवृक्षात मला आमच्या पणजोबांचा आणखी एक भाऊ दाखवलेला दिसला : रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्समधला सैनिक. ही पलटण मूळची ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनी आयर्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर भरती करायची, आणि १८८१ मध्ये हीच पलटण रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. नाव जुळत होते, वय जुळत होते. माझ्या सासरचा कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी माझ्या मुलखात वावरला, कदाचित खंबाटकीचा घाट चढला, ह्या कल्पनेने मी दोन रात्री नीट झोपले नाही. भरतीच्या कागदावर त्या सैनिकाचे जन्मगाव लिमरिकजवळचे निघाले. आपल्याला एखादी गोष्ट खरी असावीशी वाटते, त्या वेळी पुरावा दुप्पट मागावा, असे मी तेव्हापासून ठरवले आहे. लोकांच्या वंशवृक्षांत तो सैनिक अजूनही आमचा म्हणून आहे, आणि तो उतरवून घेणारे वाढत आहेत.

जूनमध्ये सासऱ्यांना घेऊन मी खालच्या घरी गेले. सहावा खांदेकरी दारात उभा होता. मी त्याला १८७६ च्या पानाची प्रत दाखवली. त्याने चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली, मग म्हणाला की ह्या लग्नाचे त्याला ठाऊक नाही, पण त्याच्या घरात वेगळेच सांगत : वरच्या लोकांचे घर पाडले तेव्हा ते दोन हिवाळे ह्या घरात राहिले होते. मला हे अगदीच नवीन होते. पश्चिम क्लेअरमधल्या किलरशच्या परिसरात महादुष्काळाच्या उत्तरार्धात जमीनदारांनी हजारो माणसांना घरांतून हुसकले आणि पुन्हा कुणी आसऱ्याला येऊ नये म्हणून भिंती पाडल्या. कॅप्टन आर्थर केनेडी ह्या निरीक्षकाने बेदखल कुटुंबांच्या नावानिशी याद्या करून पाठवल्या होत्या आणि त्या १८४९ मध्ये पार्लमेंटच्या कागदपत्रांत छापल्या गेल्या. त्यांत आमच्या माणसाचे नाव एकदा येते. वाडी मात्र वेगळी आहे, आणि ते नाव किती जणांचे होते हे वर सांगितलेच आहे. ही आठवण मी सांगणाऱ्याच्या नावाने, दिनांक घालून, स्वतंत्र पानावर लिहिली. तक्त्यात अजून घेतलेली नाही. दोन घरांमधली रेघ मी पेन्सिलने, तुटक काढली आहे, आणि तिच्या शेजारी तीन गोष्टी आहेत : विवाहाची नोंद, आईचे माहेरचे आडनाव, आत्याबाईंचे शब्द.

चहा झाल्यावर तो आम्हांला जुन्या दफनभूमीत घेऊन गेला, समुद्राच्या कडेला, पडक्या चर्चच्या भिंतीमागे. तिथे जुन्या भागात नाव कोरलेला एकही दगड नाही. गरिबांच्या थडग्यांवर समुद्रावरून आणलेले साधे धोंडे रोवलेले आहेत, गुडघ्याएवढ्या गवतात अर्धे बुडालेले. तो एका ठिकाणी थांबला आणि काठीने दाखवू लागला. ह्या बाजूचे चार तुमचे. ह्या बाजूचे तीन आमचे. मधला एक, जरा काळपट, शेवाळ धरलेला. तो दोन्ही घरांचा, असे त्याच्या वडिलांनी त्याला सांगितले होते, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. त्याच्याखाली कोण आहे हे कुणी सांगितले नव्हते.

मी वही उघडली. सासरे इतका वेळ भिंतीपाशी, जरा दूर, उभे होते. ते गवतातून वाट काढत जवळ आले, त्यांनी डावीकडून दगड मोजले, पुन्हा उजवीकडून मोजले.

"मधला कोणता म्हणालास?" त्यांनी विचारले.

त्याने काठी उचलून पुन्हा दाखवला.